बाळाच्या पोटातले बिऱ्हाडकरू

कुरुंदवाडास जाऊन बासुंदी न चाखता परतलेला पाहुणा सहसा आढळायचा नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचा हा मुलूख. नदीपलीकडे नरसोबाची वाडी आणि अलीकडे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानचे हे गाव. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण बासुंदी-पेढ्यांचे राज्य मात्र अद्याप खालसा झालेले नाही! शिरोळ तालुक्यात उसाच्या फडाशेजारी गोठा हा ठरलेलाच. जिल्ह्याच्या गावी, कोल्हापुरात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला जातो. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने ‘गोकुळ’ हे नाव घरोघर नेले. या मुलखात दूध म्हणजे लक्ष्मी, दूध म्हणजे ताकद आणि दूध म्हणजे आल्यागेल्याचा मान.

अशा घरातल्या तीन महिन्यांच्या नातवाला वरचे दूध पाजावे आणि घटकाभरात त्याच्या अंगावर गांधी उठाव्यात, ओठ सुजावा, भडभडून उलटी व्हावी, म्हणजे घरात केवढा गोंधळ उडत असेल! मग उपायांची मालिका सुरू होते. “गाईचं बाधलं, तर म्हशीचं पाणी घालून पाजा,” असे एकजण सांगतो. “शेळीचं हलकं असतं बघा,” असे दुसरा सुचवतो. आणि अखेर सारे खापर फुटते ते बाळंतिणीवर. “अगं, तुझंच दूध बाधत असेल. काय खाल्लंस सांग!” कालपर्यंत जिचे कौतुक चालले होते ती पोर डोळे पुसत बाळाला अंगावरून तोडते. एका चुकीच्या तर्कापायी बाळाच्या तोंडचा सर्वांत मोलाचा घास जातो. हा घास म्हणजे नेमके काय, तो कोणाकोणाला पोचतो आणि दूध न सोसण्याशी त्याचा संबंध काय, याचा उलगडा शास्त्रज्ञांनी गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू केला आहे. प्रत्येक घराने जाणून घ्यावा असाच तो आहे.

दोष दुधाचा की पहाऱ्याचा?

प्रथम एक घोटाळा दूर करू. दूध न पचणे वेगळे आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविणारा पाचकरस कमी पडला की पोट फुगते आणि जुलाब होतात. हा त्रास मोठ्या माणसांत पुष्कळ आढळतो. तान्ह्या बाळाला तो जन्मजात असणे अगदी विरळा. जोराच्या हगवणीनंतर मात्र तो काही दिवस दिसू शकतो. ॲलर्जीचा मामला साखरेचा नसून प्रथिनांचा असतो. केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही गाईच्या दुधातली दोन प्रमुख प्रथिने. यांपैकी दुसरे तर आईच्या दुधात मुळी तयारच होत नाही. बाळाच्या शरीराचे पहारेकरी या निरुपद्रवी पाहुण्याला दरोडेखोर समजतात आणि लाठीहल्ला करतात. गांधी, सूज, उलटी, घरघर ही त्या हल्ल्याची चिन्हे होत. कधी हा हल्ला सावकाश होतो. मग शौचात रक्ताचे धागे किंवा शेंब दिसते, अंगावर खरजेसारखा इसब उठतो, वजन वाढत नाही.

म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांची सख्खी भावंडे आहेत. पहारेकरी एकाला ओळखून मारतात तसे बहुधा दुसऱ्यालाही मारतात. तेव्हा गाय सोडून म्हैस आणि म्हैस सोडून शेळी हा खेळ निष्फळ तर असतोच, पण क्वचित जिवावरही बेततो.

दुसरी गोष्ट अशी की, खरी ॲलर्जी वाटते त्यापेक्षा बरीच कमी आढळते. युरोपातील नऊ देशांत बारा हजारांवर बाळांची नोंद करून जन्मापासून दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. संशय आलेल्या बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध देऊन खात्री करून घेतली, तेव्हा पक्की ॲलर्जी ठरली ती दोनशेत सुमारे एका बाळाची. आणि अशा बाळांपैकी ज्या ३२ जणांची वर्षभराने फेरतपासणी झाली, त्यांतल्या २२ जणांना दूध सोसू लागले होते! म्हणजे बहुतेकांचे पहारेकरी कालांतराने शहाणे होतात. पण त्यांना शहाणपण शिकवितो कोण?

आतड्यातली शाळा

इथे आपल्या कथेतील बिऱ्हाडकरू प्रवेश करतात. मूल जन्मते तेव्हा त्याचे आतडे जवळजवळ रिकाम्या वाड्यासारखे असते. जन्माच्या वाटेवर, आईच्या कुशीत, दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर जंतू आत शिरतात आणि खोल्या धरतात. थियोडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या बाळांच्या विष्ठेतील जंतूंचे वर्णन केले. पुढे काही वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांना असे आढळले की, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटात एका विशिष्ट फाटे फुटलेल्या जंतूची वस्ती मोठी असते. त्याचे नाव बायफिडो. याच संस्थेतील मेचनिकॉफ यांना १९०८ साली शरीराच्या संरक्षणविषयक संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आंबवलेल्या दुधातील जंतू आयुष्य वाढवितात हा विचार जगभर पसरविला तो याच मेचनिकॉफनी.

हे बिऱ्हाडकरू फुकटे नव्हेत. ते भाडे भरतात. न पचलेले अन्न आंबवून ते आम्ले तयार करतात. त्यामुळे उपद्रवी जंतूंना तिथे थारा मिळत नाही. काही जंतू ब्युटिरेट नावाचे द्रव्य बनवितात. आतड्याच्या अस्तराचा तोच खुराक. आपल्या पहारेकऱ्यांत काही जमादार असतात. त्यांचे काम हल्ला करण्याचे नसून आवरण्याचे. “थांबा, हा घरचाच माणूस आहे,” असे ते इतरांना बजावतात. या नियामक टी पेशींच्या शोधाबद्दल मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले. आतड्यातले जंतू आणि त्यांनी बनविलेली द्रव्ये या जमादारांची संख्या वाढवितात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

दुधाच्या ॲलर्जीशी हा संबंध थेट जोडणारा एक प्रयोग शिकागोच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या आतड्यात एकही जंतू नाही अशी उंदरे त्यांनी वाढविली. काहींच्या पोटात निरोगी बाळांचे जंतू सोडले, तर काहींच्या पोटात दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांचे. मग दोन्ही गटांना दुधातील प्रथिनाचा सामना करावयास लावले. निरोगी बाळांचे जंतू लाभलेली उंदरे सुखरूप राहिली आणि दुसऱ्या गटातील उंदरांना जोराची ॲलर्जी झाली. दूध तेच, उंदरेही एकाच जातीची. फरक होता तो केवळ भाडेकऱ्यांचा!

आपल्या महाराष्ट्रातही या बिऱ्हाडकरूंची शिरगणती झाली आहे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एकत्र कुटुंबांत एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातील जंतू तपासले. ते संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. घर एक, स्वयंपाक एक, तरी आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या जंतूंचे प्रमाण वयाप्रमाणे बदलत जाते असे त्यांत दिसले. वाड्यात बिऱ्हाडे बदलत राहतात. परंतु पहिली बिऱ्हाडे बसतात ती बाळपणीच, आणि पहारेकऱ्यांची शाळाही त्याच वेळी भरते.

आईने बांधून दिलेली शिदोरी

आता या कथेतला सर्वांत नवलाचा भाग. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल भरते ती एका खास जातीच्या शर्करांची साखळी. लिटरभर दुधात या साखळ्या साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, पहिल्या चिकात तर याहूनही अधिक. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. आणि गंमत अशी की, बाळाला त्या पचतच नाहीत! मग निसर्गाने एवढा खटाटोप कशासाठी केला? बाळंतिणीच्या अंगची ताकद खर्चून बाळाला न पचणारी गोष्ट दुधात का घातली?

उत्तर असे की, ती शिदोरी बाळाची नव्हे, बाळाच्या बिऱ्हाडकरूंची. त्या साखळ्या जठर ओलांडून थेट मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे बायफिडो जंतू त्यांवर ताव मारतात. पॉल जॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास आईच्या दुधातील या ‘बायफिडस घटका’चा मागोवा घेतला. गाईच्या दुधात या साखळ्या नाममात्रच असतात. जंतूंच्या अशा अन्नाला पुढे ‘प्रिबायॉटिक’ हे नाव मिळाले. ते ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली दिले. दही-ताकातून जिवंत जंतू मिळतात. विशिष्ट, पारखलेल्या उपकारक जंतूंना ‘प्रोबायॉटिक’ म्हणतात. प्रिबायॉटिक म्हणजे त्या जंतूंचे जेवण. पाहुणा वेगळा आणि पाहुण्याचे ताट वेगळे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे नावांचा गोंधळ होत नाही.

आपल्याकडची एक विसंगती या ठिकाणी नजरेस येते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडा घालून करतो, शेजारीपाजारी वाटतो. पण घरच्या बाळंतिणीचा पिवळसर चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही चाल कित्येक घरांत होती व काही घरांत अजून आहे. वासराच्या वाट्याचे आपण चवीने खावे आणि आपल्या वासराला उपाशी ठेवावे, असाच हा प्रकार! शिवाय वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे. त्यातील बीजाणूंमुळे क्वचित प्राणघातक विषबाधा होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत अंगावर घेतलेली बाळे शंभरात ४२ देखील भरली नाहीत.

डब्यातली नक्कल

आईच्या दुधातील शिदोरीचे मर्म कळल्यावर कारखानदार स्वस्थ कसे बसतील? लॅक्टोजपासून एक शर्करासाखळी आणि चिकोरीच्या मुळापासून दुसरी, अशा दोन्ही मिसळून त्या दुधाच्या भुकटीत घालण्यात आल्या. अलीकडे तर आईच्या दुधातील एकदोन साखळ्या हुबेहूब, जंतूंकरवीच, मोठमोठ्या टाक्यांत तयार होतात. डब्यावरचे शब्द वाचून आईबापांना वाटते की, आता ॲलर्जीची भीती नाही. ते कितपत खरे?

इटलीत २००६ साली एक प्रयोग झाला. ज्यांच्या आईला वा बापाला ॲलर्जीचा विकार होता अशी बाळे त्यांत होती. काहींना साधी भुकटी दिली आणि काहींना प्रिबायॉटिक घातलेली. सहा महिन्यांत साध्या भुकटीवरच्या शंभरातील २३ बाळांना इसब झाला, तर प्रिबायॉटिकवरच्या शंभरातील १० बाळांनाच. फरक मोठा. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात विघटित प्रथिनांची भुकटी आणि प्रिबायॉटिक एकत्र देऊनही काहीच फरक पडला नाही. दोन्ही गटांत इसबाचे प्रमाण शंभरात सुमारे २९ असे सारखेच राहिले. शिवाय दोन्ही प्रयोग मुख्यत्वे इसबाचे होते. प्रिबायॉटिकने दुधाची ॲलर्जी टळते असे या प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१६ साली दिलेला सल्लाही सावध होता. जे बाळ पूर्णपणे अंगावर नाही त्याला प्रिबायॉटिक द्यावयास हरकत नाही, जे पूर्णपणे अंगावर पिते त्याला त्याची गरज नाही, आणि पुरावा मात्र दुबळा आहे, असे त्याचे सार.

भारतातल्या एका प्रयोगाचे कौतुक मात्र जगभर झाले. ओरिसाच्या, म्हणजे आताच्या ओडिशाच्या, खेड्यांत साडेचार हजार नवजात बाळांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या बाळांना एका उपकारक जंतूचे व त्याच्या अन्नाचे मिश्रण आठवडाभर दिले. त्या गटात रक्तात जंतुदोष होणे वा मृत्यू ओढवणे यांचे प्रमाण शंभरात ९ वरून ५.४ वर आले. हा प्रयोग ॲलर्जीचा नव्हे. शिवाय ती बाळे अंगावर पिणारीच होती. हे मिश्रण आईच्या दुधाच्या जोडीला होते, त्याच्या जागी नव्हे, हे विसरून चालणार नाही.

आणि डब्याबरोबर बाटली येते, बाटलीबरोबर पाणी येते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसांना हे निराळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्यात बुडाला, तेव्हा चोहीकडे पाणीच पाणी होते, पण पिण्याजोगे पाणी दुर्मिळ. अशा वेळी भुकटी कालवायला उकळलेले पाणी आणायचे कोठून? आईच्या दुधाला ना चूल लागते, ना बाटली, ना पाणी. आपल्या देशाने १९९२ साली बाळदुधाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालील बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यास त्यामुळे बंदी आहे. ती उगीच नव्हे.

टाळावे की ओळख करून द्यावी?

ॲलर्जीची भीती म्हणून पदार्थ जितका उशिरा द्यावा तितका बरा, असे डॉक्टरही एके काळी सांगत. तो समज आता मागे पडला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या प्रयोगात, ॲलर्जीचा धोका असलेल्या काही बाळांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि काहींना पाच वर्षे दिले नाहीत. ज्यांनी टाळले त्यांच्यातील शंभरात १७ जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली आणि ज्यांनी खाल्ले त्यांच्यातील केवळ ३ जणांना.

दुधाच्या बाबतीत जपानमधील दोन प्रयोग वाचनीय आहेत. पहिल्या तीन दिवसांत डब्याचे दूध टाळले तर दुधाविरुद्धची संवेदनशीलता कमी होते, असे २०१९ च्या प्रयोगात दिसले. उलट, अंगावर पीत असतानाच दुसऱ्या महिन्यात रोज थोडेसे डब्याचे दूध दिले तर ॲलर्जी घटते, असे २०२१ च्या ओकिनावातील प्रयोगात आढळले. यावरून घरच्या घरी प्रयोग सुरू करू नयेत. पण पहिल्या दिवसांत रडते म्हणून वरच्या दुधाचे दोन चमचे पाजायचे आणि मग महिनोनमहिने बंद ठेवायचे, ही पद्धत सर्वांत वाईट असावी, असे यातून सूचित होते. प्रसूतिगृहात आईला उसंत देणाऱ्या नातेवाइकांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे.

युरोपातील शेतकरी कुटुंबांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. गोठ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी दिसतात. शेणामातीतले नानाविध जंतू लहानपणीच भेटल्याने पहारेकरी सुजाण होतात, असा तर्क आहे. शिरोळ भागातल्या आज्यांना हे ऐकून समाधान वाटेल! मात्र याचा अर्थ बाळाला कच्चे धारोष्ण दूध पाजावे असा मुळीच नाही. कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग येतात.

घराने काय करावे?

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यावे. शस्त्रक्रिया करून प्रसूती झाली असली तरी दाई-परिचारिकेच्या मदतीने लवकरात लवकर घ्यावे. पहिले सहा महिने आईचेच दूध. पाणी नको, मध नको, घुटीही नको. सहा महिने सरल्यावर उष्टावण करून मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे, शिजवून गाळलेल्या भाज्या आणि डाळी असे निरनिराळे पदार्थ एकेक करून द्यावेत. अन्नात जितकी विविधता, तितक्या वाड्यात खोल्या अधिक. अंगावरचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

ॲलर्जीचा संशय आला तर स्वतःच निदान करू नये. संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पुन्हा देऊन पाहणे हीच खरी परीक्षा, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावी. अंगावर पिणाऱ्या बाळाला ॲलर्जी ठरलीच, तर आईने स्वतःच्या ताटातले दूध व दुधाचे पदार्थ काही काळ वर्ज्य करावेत आणि कॅल्शियमची सोय करावी. बाळाला अंगावरून तोडण्याचे कारण सहसा पडत नाही. वरच्या दुधावरील बाळासाठी प्रथिने बारीक तोडलेली खास भुकटी असते. श्वास अडला, घरघर लागली, चेहरा सुजला, तर मात्र क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आईच्या दुधाने ॲलर्जी शंभर टक्के टळते असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. वंश, जन्माची रीत, लहानपणी दिलेली जंतुनाशक औषधे, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. तेव्हा पूर्णपणे अंगावर पाजूनही बाळाला त्रास झाला, तर त्यात त्या माऊलीचा अपराध नाही. तिला दोष देण्याऐवजी रात्री एकदा बाळ खांद्यावर घेऊन तिला दोन तास झोपू द्यावे, तिच्या ताटात भाजी-भाकरी वेळेवर वाढावी. हा उपचार कोणत्याही डब्यात मिळत नाही.

दिवाळीत घरात बाळाची पहिली दिवाळी असेल, तर आल्यागेल्याच्या हाताला आवरणे हे मोठे काम असते. “एवढंसं बोट चाटवलं तर काय होतंय?” म्हणून बासुंदीचे बोट दोन महिन्यांच्या ओठांवर टेकवणारे आजोबा, मावशी, शेजारी घरोघर आहेत. त्यांचा हात प्रेमानेच धरावा आणि सांगावे, “काका, त्याच्या पोटात अजून बिऱ्हाडे बसायची आहेत. त्याची वाटी आईकडेच आहे. बासुंदी तुम्ही घ्या, आणि त्याच्या आईलाही एक वाटी द्या!”